ठिपका

लेक शिकायला दुसऱ्या शहरात गेली तेव्हापासून माझ्या फोनमध्ये एक निळा ठिपका राहायला आलाय. लोकेशन शेअरिंग. तिनेच चालू करून दिलं, "आई, सारखे फोन नको करूस, हे बघत जा" म्हणून. आता फोन नाही करत, ठिपका बघते. ठिपका कॉलेजात. ठिपका हॉस्टेलवर. ठिपका रात्री साडेनऊला भलत्याच रस्त्यावर का?

हा ठिपका नीट दिसायला निदान ४ उपग्रह लागतात, तेही साधारण २०,००० किलोमीटर वरून. एवढ्या उंचीवरून एवढा खटाटोप आणि कळतं काय, तर ती कुठे आहे. ती जेवली का, रडली का, पुढे तिचं कसं होणार, यातलं काहीच त्यात नसतं.

मग झोपताना देवापुढे हात जोडते. देवा, तुझ्या हवाली केली, आता तूच बघ. अगदी मनापासून म्हणते हो! आणि दिवा घालवला की उशीखालचा फोन काढून परत ठिपका. दिलेलं पाच मिनिटांत परत मागणाऱ्या आयांची देवाकडे रांगच लागत असणार.

वसुदेवाची गोष्ट लहानपणापासून ऐकलीये, पण आई झाल्यावर वाटायला लागलं की त्याचं त्यातल्या त्यात बरं होतं. यमुना दुथडी भरलेली, वर पाऊस, सगळं खरं, पण टोपली त्याच्याच डोक्यावर होती आणि जायचं कुठे ते ठरलेलं होतं, गोकुळात नंदाघरी. मला जास्त जवळची वाटते ती बायबलातली मोशेची आई. इजिप्तच्या राजाने, फारोने, हिब्रूंचे, म्हणजे तिच्याच लोकांचे, मुलगे जन्मले की नदीत टाकायचा हुकूम काढलेला, हिने बाळ ३ महिने लपवलं, मग लपवता येईना तेव्हा लव्हाळ्याची पेटी घेऊन तिला डांबर आणि राळ फासली, बाळ आत ठेवलं आणि नदीकाठच्या लव्हाळ्यात सोडून दिलं. पुढे कुणाचं घर, काही माहीत नाही.

मी त्या डांबरापाशीच अडकते. किती वेळ फासत बसली असेल? इथे फट राहिली का, अजून एक हात मारू का... लेकीच्या बॅगेची चेन मी चार वेळा तपासली ती अशीच. आणि बाळाची बहीण म्हणे लांब उभी राहून काय होतंय ते बघत होती. म्हणजे लोकेशन शेअरिंग जुनंच आहे तर! जरा हायसं वाटलं.

पुढे फारोच्या मुलीला ते बाळ सापडलं, आणि त्याला पाजायला बाई म्हणून बोलावली कुणाला, तर त्याच्या आईलाच. वर पगार! पेटी सोडताना तिने कितीही डोकं चालवलं असतं तरी हे सुचलं नसतं. मी रात्री दोन वाजता लेकीचं जे भविष्य रचते त्यात अपघात असतात, वाईट माणसं असतात, असा पगार कधीच नसतो.

परवा ठिपका सकाळपासून हललाच नाही. आजारी असेल, पडली असेल, दार आतून बंद असेल, फोनही उचलेना. संध्याकाळी तिचाच फोन, "अगं मोबाईल रूमवरच विसरले होते." म्हणजे दिवसभर मी चार्जिंगला लावलेल्या एका मोबाईलची काळजी करत होते. आणि ती कुठे हिंडत होती, ते देव जाणे.