आईच्या लुगड्यांची गोधडी
दुपारची आवराआवर झाली की मी खिडकीशी सतरंजी अंथरून गोधडी शिवायला बसते. वयाच्या ७१व्या वर्षी सुईत दोरा ओवायला मात्र नातवाला हाक मारावी लागते. सध्याच्या गोधडीत आईची दोन नऊवारी लुगडी आहेत. नऊ वार म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर कापड, त्यामुळे आतले थर त्यातूनच निघाले. कडेपासून चौकोनी फेऱ्यांनी मध्याकडे धावदोरा घालत जायचे, ही तिचीच पद्धत. १९७२च्या दुष्काळात दिवसभर खडी फोडून आल्यावरही ती कंदिलाच्या उजेडात चार टाके घालत असे, आणि ते आजच्या माझ्या टाक्यांपेक्षा सरळ असत. परवा हिरव्या लुगड्यावर तिने केलेला रफू सापडला. तो झाकावा, असे सूनबाईंचे मत पडले. मी तो भाग मुद्दाम वर घेतला आहे.