हळूहळू गेलेला पिकअप

काकूंची गाडी १७ वर्षांची. पेट्रोल, चार सिलिंडर, सुरुवातीपासून एकाच हातातली, ऑइल बदलायची तारीख कधी चुकलेली नाही. या वेळी ती काकूंऐवजी त्यांची मुलगी माझ्या गॅरेजमध्ये घेऊन आली. वर्षभराने घरी आली होती आणि गाडी चालवून घाबरली होती. "आई ही गाडी रोज कशी चालवते? ओव्हरटेक करायला गेले तर पुढेच जाईना."

काकू शेजारीच उभ्या होत्या. त्यांना गाडीत काही वावगं वाटत नव्हतं, जुनी झाली एवढंच. मी विचारलं, "घराजवळचा चढ कुठल्या गिअरमध्ये चढता?" म्हणाल्या, दुसऱ्या. आणि आधी? थोडं आठवून म्हणाल्या, "आधी तिसऱ्यात चढायची. बरेच दिवस झाले." घरून दहा मिनिटं लवकर निघायची सवयही त्यांना लागली होती.

पिकअप, म्हणजे गाडीची वेग पकडायची ताकद, एका दिवसात गेला तर माणूस धावत येतो. महिन्याला थोडा थोडा गेला की पाय आपोआप जास्त दाबू लागतो, हात गिअर लवकर उतरवतो आणि चालवणाऱ्याला काहीच कळत नाही. म्हणून अशा तक्रारीत मी गाडीआधी सवयी विचारतो. "पिकअप कमी वाटतो का?" याला काही अर्थ नाही, तुलना करायला माणसाजवळ कालचाच दिवस असतो.

मधल्या काळात त्यांनी गाडी दुसरीकडे दाखवली होती. तिथे एअर फिल्टर, फ्युएल फिल्टर, प्लग आणि शेवटी फ्युएल पंपही बदलला. चार वेळा खर्च, फरक शून्य. जुना पंप काढण्यापूर्वी कुणी प्रेशर मोजलं होतं का, तर नाही. याची मला खरी चीड येते. गेज लावायला फार वेळ लागत नाही. न मोजता पार्ट बदलणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या पैशाने अंदाज बांधणं.

गाडी घेऊन फिरून आलो. धक्के नाहीत, मिसिंग नाही, म्हणजे एखादा सिलिंडर मधूनच पेटायचा राहत नव्हता. हळू चालवली तर शहाण्यासारखी चालते. पूर्ण दाबली की आवाज घुसमटतो, आणि इंजिनचे फेरे व गाडीचा वेग दोन्ही सारखेच रेंगाळत वाढतात. म्हणजे क्लच प्लेट नाही. प्लेट घसरत असती तर इंजिन ओरडलं असतं आणि गाडी मागे राहिली असती. चाकांना हात लावून पाहिला, एकही तापलेलं नव्हतं, न्यूट्रलमध्ये गाडी सहज ढकलली गेली. ब्रेक धरत नव्हते. हाताखालच्या पोराला पेडल तळापर्यंत दाबायला लावलं आणि थ्रॉटलची झडप पूर्ण उघडते का ते डोळ्यांनी पाहिलं, कारण जुन्या गाडीत केबल सैल होते किंवा मॅट पेडलखाली सरकते. उघडत होती.

"दादा, स्कॅनरला बिघाडाचा एकही कोड नाही," पोरगा म्हणाला, आणि त्याच्या मते विषय संपला. नवीन मुलांचं इथेच अडतं. कॉम्प्युटर आत आलेली हवा मोजतो आणि तेवढ्याच हिशेबाने पेट्रोल सोडतो. हवाच कमी आली तर पेट्रोलही कमी, मिश्रण अगदी बरोबर. त्याच्या दृष्टीने सगळं ठीक आहे. गाडीत दम नाही हे त्याला कळायला मार्गच नाही.

फ्युएल प्रेशरचा गेज बाहेरून काचेवर चिकटवून पुन्हा रस्त्यावर गेलो. चढावर पूर्ण दाबूनही काटा ३ बारवरून हलला नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते तो दाब, चारही सिलिंडरला १७० पीएसआयच्या आसपास. इंजिन म्हातारं झालेलं नव्हतं.

मग इंजिन हवा किती जोरात ओढतं ते दाखवणारा व्हॅक्यूम गेज काढला. हा गेज माझ्या उस्तादांनी मला वापरायला शिकवला, आणि आता तो फारसा कुणी बाहेर काढत नाही. गाडी जागेवर चालू असताना काटा १८ इंचांवर स्थिर. इंजिन २५०० आरपीएमला नेऊन तसंच धरलं. काटा २० वर गेला आणि उतरू लागला. १७. १५. रेस तीच, पाय हललेला नाही, आणि काटा १२ पर्यंत आला. पोरगा वाकून पाहत होता. मी त्याला म्हटलं, नाक दाबून पळून बघ. इंजिनाला श्वास घेता येत होता, सोडता येत नव्हता. जुनी हवा आतच अडली की नवीन शिरणार कुठून?

धुराच्या नळीवरचा पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्याच्या आट्यांत बॅक प्रेशरचा, म्हणजे अडलेल्या धुराचा दाब मोजणारा, गेज बसवला. २५०० ला चांगल्या गाडीत साधारण ३ पीएसआयच्या आत राहायला हवं. इथे ७ दाखवत होता.

धूर स्वच्छ करणारा डबा, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, खाली उतरवला. एका बाजूने टॉर्च धरली तर दुसऱ्या बाजूला प्रकाशच येईना. आत सिरॅमिकचं मधमाश्यांच्या पोळ्यासारखं जाळं असतं, त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ थर. समोरचा भाग वितळून काचेसारखा चकाकत होता, आणि तुटलेले तुकडे आडवे होऊन उरलेल्या भोकांवर बसले होते. हे आपोआप होत नाही. एखादा सिलिंडर पेटत नसला की न जळलेलं पेट्रोल धुराच्या नळीत जातं, कन्व्हर्टरच्या आत पेटतं आणि तापमान जाळ्याच्या सोसण्यापलीकडे जातं.

मुलीने विचारलं, "आतलं जाळं फोडून नुसती नळी ठेवली तर चालेल ना? एकाने सांगितलं." असं सांगणारे मेकॅनिक पुष्कळ आहेत. मी करत नाही. कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडं हवेत जाऊ नयेत म्हणूनच तो डबा तिथे बसवलेला असतो. नवा बसवला. काकूंनी स्वतः चालवून पाहिली. परत आल्यावर म्हणाल्या, "तिसऱ्यात चढली."

पण कन्व्हर्टर जाळणारं मिसिंग आलं कुठून? गाडी तर एकसारखी चालत होती. संध्याकाळी मी जुनी वही काढली. १४ महिन्यांपूर्वीची नोंद, माझ्याच अक्षरात. तीन आठवडे मिसिंग असताना काकू गाडी चालवत होत्या, मग माझ्याकडे आल्या. मी दोन नंबरच्या सिलिंडरची ठिणगी देणारी कॉइल आणि प्लग बदलले, फेरी मारली, गाडी छान ओढली, चावी दिली.

तक्रारीच्या रकान्यात दोन गोष्टी लिहिल्या आहेत. मिसिंग. आणि खाली, कुजक्या अंड्यासारखा वास. पहिल्यापुढे बरोबरची खूण आहे. दुसऱ्यापुढे काहीच नाही.

तो वास कन्व्हर्टरकडून येतो. जास्त पेट्रोल आत गेलं की त्यातल्या गंधकाचा हायड्रोजन सल्फाइड होतो. हे मला तेव्हाही माहीत होतं. मिसिंग गेलं म्हणजे वासही जाईल असं धरून चाललो असणार. त्या दिवशी सेन्सर काढून गेज लावला असता तर किती दिसलं असतं? जाळं तेव्हा थोडंच वितळलं असेल, काटा कदाचित ३ च्या आतही राहिला असता. गाडी ओढत होती हे तर मी स्वतः पाहिलं होतं. पण मोजलं नाही. पंपाचं प्रेशर न मोजणाऱ्यांवर सकाळी मी चिडलो होतो.

दुसऱ्या दिवशी काकूंना बोलावून ते पान दाखवलं आणि मजुरी परत केली. त्यांनी चष्मा लावून नोंद वाचली. "वासाचं मी सांगितलं होतं होय?" म्हणाल्या. "मला आठवतही नाही."