एकच घाणा, दोनशे घरं

लाकडी घाण्याच्या धंद्यात ‘दुसरा घाणा कधी?’ हा प्रश्न सगळेच विचारतात. आमचं मत स्पष्ट आहे: एक घाणा नीट चालवला तर तो एक घर पोसतो. दुसरा बसवला की तेल बदलतं आणि धंदाही बदलतो.

आधी मोजमाप. १५ किलो शेंगदाण्याचा एक घाणा (एका वेळची भरतीही घाणाच म्हणतात) निघायला पाऊण ते एक तास लागतो, त्यानंतर पेंड काढून उखळ साफ करायची. म्हणजे दिवसाला पाच घाणे. तेल ४० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे प्रत्येक घाण्याला ६ किलो. महिन्याचे २५ दिवस धरले तर ७५० किलो. चार माणसांच्या घराला महिन्याला साडेतीन-चार किलो लागतं, म्हणजे साधारण दोनशे घरं झाली. ग्राहकांची यादी तिथे बंद करायची.

आता पैसे. दाण्याचा भाव १२० रुपये धरू. १५ किलोचे १,८०० झाले. साडेआठ किलो पेंड ४० रुपयांनी गेली तर ३४० परत आले. उरलेले १,४६० सहा किलोवर वाटले की किलोला २४३. वीज, मजुरी, डबा, भाडं, लाटेची (उखळात फिरणाऱ्या लाकडी दांड्याची) झीज यांचे ६० धरले की ३०३. घरोघरी ३५० ने विकलं तर ४७ रुपये सुटतात. हेच तेल दुकानात ठेवलं आणि दुकानदाराने १५ टक्के घेतले, तर हातात २९८ येतात. प्रत्येक किलोला पाच रुपये तोटा, शिवाय महिना-दीड महिना उधारी! दुसऱ्या घाण्याचं तेल दोनशे घरांपलीकडे खपवायला दुकान लागतंच, म्हणून तो परवडत नाही.

या हिशेबात पेंडीसकट वर्षाची उलाढाल ३६-३७ लाख होते, म्हणजे जीएसटी नोंदणीच्या ४० लाखांच्या मर्यादेच्या आत. मात्र एक डबा जरी परराज्यात विकला तरी नोंदणी लागते, हे कुरियर करण्याआधी लक्षात ठेवा. एफएसएसएआय म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना, उलाढालीप्रमाणे जे लागू असेल ते, पहिल्या दिवसापासून हवंच. सुटं तेल विकायला कायद्याने बंदी आहे. सीलबंद डबा, त्यावर बॅच नंबर, भरल्याची तारीख आणि वजन पाहिजे. वजन किलोतच सांगा, कारण एक लिटर तेल जेमतेम ९१० ग्रॅम भरतं आणि भांडणं तिथेच होतात.

सगळ्यात जास्त वेळ निवडणीला द्या. काळपट, सुरकुतलेले, बुरशीचे दाणे हाताने काढायचे. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष बरंचसं पेंडीत जातं, पण थोडं तेलातही उतरतं, आणि आपल्याकडे रिफायनिंग नसल्याने ते काढायला दुसरा मार्ग नाही. पेंड खाणारी जनावरंही कुणाची तरी आहेत. महिन्याला जवळपास १,९०० किलो दाणे दोन माणसं निवडू शकतात. माल दुप्पट झाला की पहिली काटछाट इथेच होते.

दाणा फार कोरडा असला तर तेल सुटत नाही, मग घाण्यात थोडा पाण्याचा शिपका द्यावा लागतो. तो जास्त झाला की पेंड चिकट होते आणि तेल गढूळ येतं. तेल स्टीलच्या टाकीत तीन-चार दिवस स्थिर ठेवा. टाकीची तोटी तळापासून चार बोटं वर हवी, म्हणजे गाळ खालीच राहतो. उन्हात ठेवू नका, तेल लवकर खवट होतं. घाईने भरलेलं तेल कढईत फसफसून वर येतं, आणि ग्राहकाला वाटतं भेसळ आहे.

ही घाई दिवाळीत होते. चकली-चिवड्यासाठी प्रत्येक घराला नेहमीच्या दुप्पट तेल लागतं आणि घाण्याचा वेग तर तोच राहतो. तेव्हाच बाहेरून तेल आणून आपल्या डब्यात भरायचा मोह होतो. तो टाळायचा तर गणपतीपासूनच दर महिन्याला थोडं जास्तीचं तेल काढून, काठोकाठ भरलेल्या टाकीत अंधाऱ्या जागी साठवा. दसऱ्याला आगाऊ पैसे घेऊन नोंदणी सुरू करा. साठा संपेल इतकी नावं आली की नोंदणी बंद, आणि नवीन माणसाला जवळच्या दुसऱ्या घाणेवाल्याचा नंबर द्या.