निवृत्तीनंतरचं घर : शेजारी बुधवारीही असतो का?

लोणावळा, तळेगाव, कर्जत, नेरळ, दापोली. निवृत्तीनंतर शांत जागा शोधणाऱ्यांची यादी थोड्याफार फरकाने हीच असते. या गावांतल्या बऱ्याच सोसायट्यांतली घरं मुंबई-पुण्याच्या लोकांनी शनिवार-रविवारसाठी घेतलेली असतात, आणि ब्रोकर घर दाखवायला हमखास रविवारीच नेतो. पार्किंग भरलेलं, क्लब हाउसमध्ये पोरांचा दंगा, समोरच्या बाल्कनीत कांदाभजी. सोमवारी सगळ्या गाड्या परत गेल्या की उरतात वॉचमन आणि मोजकी चार घरं.

प्रश्न एकटेपणाचा आहेच, पण त्याआधी तो कामवाल्या बाईंचा आहे. एका इमारतीत चार-पाच घरं मिळाली तरच बाईंना तिथवर येणं परवडतं. दूधवाला, पेपरवाला, इस्त्रीवाला, नाक्यावरचा केमिस्ट, सगळ्यांचं गणित तेच. रोज राहणारी घरं एका मर्यादेच्या खाली गेली की या सेवा एकेक करून बंद पडतात, आणि सत्तरीतल्या माणसाला स्विमिंग पूलपेक्षा त्यांची गरज जास्त असते.

तेव्हा घर बघायला जायचं ते जुलैतल्या मंगळवारी किंवा बुधवारी. संध्याकाळी साडेसातला खाली उभं राहून दिवे लागलेल्या खिडक्या मोजा. दिवसा जाणार असाल तर मागच्या बाजूने ड्राय बाल्कन्या बघा. दोरीवर ओले कपडे असतील तर घर चालू आहे. पुढच्या बाजूच्या कुंड्यांवर जाऊ नका, त्यांना माळी पाणी घालतो.

सगळ्यात खरं उत्तर मीटर रूममध्ये मिळतं. वीज मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी ‘३२०० इम्प/केडब्ल्यूएच’ असं काहीतरी छापलेलं असतं, म्हणजे एका युनिटला ३२०० वेळा लुकलुक. अशा मीटरवर नुसता १०० वॅटचा फ्रिज चालू असेल तर साधारण ११ सेकंदांनी एकदा दिवा लुकलुकतो. बंद घराचा दिवा मिनिट-दोन मिनिटं बघितलं तरी लुकलुकत नाही. काही मीटरवर तो नुसता स्थिर पेटलेला राहतो. वॉचमनला विचारून दहा मिनिटं तिथे उभं राहिलं की सगळी इमारत वाचून होते.

बंद घरांचा खरा त्रास पावसाळ्यात कळतो. लोणावळ्यात वर्षाला ४००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. वरच्या बंद फ्लॅटच्या टेरेसची जाळी पाचोळ्याने तुंबते, पाणी उंबरठा ओलांडून आत शिरतं आणि दोन दिवसांत तुमच्या बेडरूमच्या छताला ओल येते. किल्ली मालकाकडे, मालक ठाण्यात, तो शनिवारी येणार. म्हणून विकत घेण्याआधी वरचं घर कोणाचं, तिथे कोण राहतं आणि त्याची एक किल्ली सोसायटीकडे आहे का, हे विचाराच. बंद घरांत आणखी एक होतं : नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे मोरीच्या जाळीखाली वास अडवायला साठलेलं, पाणी वापराअभावी सुकतं, मग ड्रेनेजचा वास आणि झुरळं त्या वाटेने वर येतात. सांडपाणी प्रकल्पाचंही तसंच. त्यातले जिवाणू रोजच्या सांडपाण्यावर जगतात. पाच दिवस उपासमार आणि शनिवारी एकदम लोंढा, असं चाललं की प्रकल्प नीट चालत नाही आणि दुर्गंधी सुटते. दर सोमवारी गेटपाशी वास येत असेल तर कारण बहुधा हेच.

आता कागद. विकणारा सभासद असतो, त्यामुळे त्याला सोसायटीकडून हिशेब मागता येतात. गेल्या तीन वर्षांचे घ्या. त्यात थकबाकीदारांची यादी आधी वाचा. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांप्रमाणे, सेवाशुल्क सगळ्या फ्लॅट्सना समान असतं, घर बंद असलं तरी. पण जो वर्षातून सहा वेळा येतो त्याला मेंटेनन्स भरायची घाई नसते, आणि लिफ्टच्या दुरुस्तीचा विषय निघाला की विरोधही त्याचाच. मग वार्षिक सभेच्या इतिवृत्तातल्या हजेऱ्या बघा. गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब करून मग उरकली, असं दर वर्षी लिहिलेलं असेल तर समजून जा. सेक्रेटरी आणि खजिनदार यांच्यातला निदान एक तरी तिथे राहणारा हवा. फ्लॅट पार्टीसाठी एका-दोन रात्रींपुरते भाड्याने देण्याबाबत सभेचा काही ठराव आहे का, हेही तिथेच कळेल.

खास ज्येष्ठांसाठीच्या प्रकल्पांत, उदाहरणार्थ पुण्यातल्या अथश्रीसारख्या, हा त्रास बराच कमी. पण तिथेही ऋतू असतातच : मुलं अमेरिकेत असलेली जोडपी उन्हाळ्यात तिकडे जातात आणि चार-पाच महिने मजला सुना पडतो. २०२४ पासून महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाने, ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या नव्या प्रकल्पांना किमान अटी घातल्या आहेत. दारं किमान ९०० मिलिमीटर रुंद हवीत, एकाहून जास्त मजले असतील तर लिफ्ट हवीच. जाहिरातीत ‘सीनियर लिव्हिंग’ लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका, खिशात टेप घेऊन जा.

कोकणातल्या वाडीचं गणित निराळं. गणपती, शिमगा आणि मे महिन्यात चाकरमानी आले की घरं उघडतात, एरवी कुलपं. तरी शेजारच्या घरात एखादी काकू बारा महिने राहत असेल तर ती वाडी लोणावळ्याच्या टॉवरपेक्षा बरी, असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त जवळचं चालू रुग्णालय किती अंतरावर आहे ते रात्री गाडीने जाऊन बघा, दिवसा नव्हे. तळेगाव या बाबतीत उजवं : गावात वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे आणि पुण्याला लोकल जाते.

एवढं सगळं तपासूनही लगेच घर घेऊ नका. त्याच सोसायटीत अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करून राहा. करार नोंदणीकृत असावाच लागतो. मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी त्याला ना-वापर शुल्क लावते, पण ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, तेव्हा त्याच्या नावाखाली भाडं फुगवू देऊ नका. करार १ जूनपासून करा. पावसाळा, दिवाळी, डिसेंबरात परदेशातून येणारे मालक, मग सुना मार्च, सगळं त्यात येतं. सुटतो तो फक्त मे, आणि मेमधली गर्दी बघून तसंही काही कळत नाही.