चाचांनी दहा सेकंदात ओळखलं

रात्री जेवण झालं की मी यूट्यूबवर छोटे माहितीपट बघत बसतो. लॉकडाऊनमध्ये ही सवय लागली आणि ती काय सुटायला तयार नाही. आठ-दहा मिनिटांचं असतं सगळं, कुठं जपानमधला एक आजोबा आयुष्यभर चाकूला धार लावतोय, कुठं एक बाई फक्त जुनी कुलपं गोळा करते, कुठं एकजण घराच्या गच्चीवर कबुतरांशी गप्पा मारतोय. बायको म्हणते घरातला मिक्सर गेले दोन महिने बंद आहे तो दुरुस्तीला टाकायला तुला वेळ नाही आणि जगातले सगळे दुरुस्ती करणारे मात्र तुला तोंडपाठ. खरं आहे.

माझ्या पप्पांना याचं फार हसू येतं कारण त्यांच्या लेखी माहितीपट म्हणजे पिक्चर सुरू व्हायच्या आधीचा त्रास. फिल्म्स डिव्हिजन, म्हणजे सरकारचं माहितीपट बनवणारं खातं, १९४८ ला निघालं आणि त्यानंतर कितीतरी वर्षं देशभरातल्या थिएटरवाल्यांना मेन पिक्चरच्या आधी ती सरकारी रिळं दाखवणं कंपल्सरी होतं. पप्पा सांगतात सांगलीत लोक तेवढ्या वेळात बाहेर उभे राहून भडंग खायचे आणि आतून निवेदन करणाऱ्या माणसाचा जड आवाज थांबला की मग आत पळायचे. त्या रिळांत धरणं आणि उद्घाटनं होती तशीच विणकर, कुंभार, लोककलावंत पण होते, पण ते बघितलं कुणी, सगळे भडंगात. २०२२ ला फिल्म्स डिव्हिजन एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं. पप्पांना सांगितलं तर म्हणाले, बरं झालं.

असो. मला यातलं वेड लावलं ते एका डच फिल्मने. बर्ट हानस्ट्राची 'ग्लास', १९५८ ची, जेमतेम अकरा मिनिटांची, ऑस्कर मिळालेली. काच फुंकून वस्तू बनवणारे कारागीर आहेत त्यात, गाल फुगवून फुंकतायत, मागे जॅझ वाजतंय, आणि मग एकदम मशीनवर बाटल्या बनतात ते येतं, एक बाटली फुटते आणि मागच्या सगळ्या बाटल्या येऊन तिथंच धडाधड फुटत राहतात, मशीनला काही कळतच नाही, शेवटी एक माणूस येतो आणि हाताने ते नीट करतो. कुणी काही समजावून सांगत नाही. सगळं आवाजावर चाललंय. मी ती वीसेक वेळा तरी बघितली असेन, आणि एवढं बघून पण त्यातून जे शिकायचं होतं ते मी शिकलो नाही, ते पुढं येईलच.

आताच्या फिल्म्सचा मात्र एक साचा झालाय. आधी ड्रोन, मग धुकं, मग सुरकुतलेले हात क्लोजअपमध्ये, लाकडाचा भुसा स्लो मोशनमध्ये उडतोय, मागे उदास बासरी, आणि शेवटी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं की हे या कलेतले शेवटचे कारागीर आहेत. प्रत्येक जण शेवटचा. एवढे शेवटचे कारागीर मी बघितलेत की त्यांचं एक गाव वसेल.

तर गेल्या दिवाळीत डोक्यात आलं की आपणच एक करावी. आणि विषय शोधायला लांब जायचं कारण नव्हतं कारण मिरज आमच्यापासून दहा किलोमीटरवर. सतार आणि तंबोऱ्याची मिरज. जगभरचे गवई इथनं वाद्यं नेतात, २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला वेगवेगळं जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेपरात पहिल्या पानावर होतं, आणि मी मात्र मिरजेला कशाला जायचो तर दवाखाना आणि रेल्वे. सांगलीकराचं मिरजेशी नातं एवढंच.

एका ओळखीच्या तबलजीने एका चाचांशी गाठ घालून दिली. दुकान म्हणजे एक अरुंद खोली, वर छताला भोपळे टांगलेले, खाली बसायला पोतं. मी मोबाईल, तो न हलता धरायचा दांडा म्हणजे गिंबल, सगळं घेऊन गेलेलो. चाचांनी गिंबलकडे बघितलं आणि म्हणाले, "हे काय, मोबाईलला पोलिओ झालाय काय?" पहिल्याच वाक्याला माझी हवा गेली.

मग मी जायला लागलो, दर रविवारी, तीनेक महिने. बरंच कळलं. भोपळा आपल्या भाजीचा नाही, कडू असतो, जाड सालीचा, तो सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला भीमाकाठी पिकतो आणि पूर्ण वाळल्यावर इकडं येतो. मग तो पाण्यात भिजवायचा, तोंड कापायचं, आतलं बी-गर खरवडून काढायचं, आणि ओला आहे तोवर आत बांबूच्या काड्या आडव्या ताणून बसवायच्या म्हणजे वाळताना तोंड पाहिजे तेवढं रुंद राहतं. त्याच्यावर गळा, गळ्याला दांडी, पुढं तबली म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी फळी, सरसाने चिकटवाचिकटवी, मग नक्षीची पानं, मग लाखेचं पॉलिश हाताने, चिंधीने, पुन्हा पुन्हा. हे सगळं मी शूट केलं आणि दिसायला फारच भारी होतं. एक शॉट तर असा मिळाला की खिडकीतनं ऊन बरोबर भोपळ्याच्या आत पडलंय आणि आतल्या काड्यांच्या सावल्या हलतायत, म्हटलं झालं, ऑस्कर.

हे घराणं मूळचं शिकलगारांचं. तलवारी, भाले यांना धार आणि पाणी देणारे लोक. इंग्रजी अंमलात तलवारींना कोण विचारतो, आणि इकडं मिरजेचे पटवर्धन संस्थानिक गाण्याचे शौकीन, गवयांची येजा, त्यांची वाद्यं बिघडायची. ती दुरुस्त करता करता साधारण १८५० च्या आसपास फरीदसाहेबांनी नवीन वाद्यं बनवायला सुरुवात केली आणि ते फरीदसाहेब सतारमेकर झाले. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की आडनावच बदललं. चाचा म्हणाले, "आमच्यात हाताला पोलाद कापायची सवय, लाकूड म्हंजे लोणी." नंतर अब्दुल करीम खाँसाहेब इथं राहिले, १९३७ ला गेले आणि मिरजेतच ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे, उरुसाला तिथं चिंचेच्या झाडाखाली अजून गवई येऊन हजेरी लावतात. मी त्याचे पण दोन मिनिटांचे शॉट घेऊन ठेवले.

आता साच्याप्रमाणे मला तो शेवटचा प्रश्न विचारायचाच होता. लाईट बरोबर होती, चाचा खिडकीकडे बघत होते. मी हळू आवाजात विचारलं, चाचा, तुमच्यानंतर हे कोण करणार?

"आँ? शेजारी भाऊबंद बसलेत की. समोर पुतण्या हाय. तिकडं कोपऱ्यावर अजून दोन दुकानं. तुम्हाला कोण पायजे?"

म्हटलं, तसं नाही, म्हणजे ही कला संपत चाललीये असं...

"संपल तवा संपल. पण तुम्ही आत्ताच कशाला मयताला आल्यासारखं तोंड केलंय?"

मी कॅमेरा बंद केला. खरं सांगायचं तर त्यांना अडचणी नाहीत असं नाही, चांगलं लाकूड महाग झालंय, पॉलिशला पोरं बसत नाहीत, इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि मोबाईलमधली अ‍ॅपं आल्यापासून शिकणारी मुलं खरा तंबोरा घेतच नाहीत. पण याबद्दल ते बोलतात ते हिशोबाच्या सुरात, रडक्या नाही. आणि मला पाहिजे होता रडका सूर, कारण मागे बासरी लावायची होती.

सगळ्यात शेवटी जवारी, म्हणजे तारेचा आवाज उघडायचं काम. आता हे मी जमेल तसं लिहितो. तार ज्या घोडीवरून जाते त्या घोडीचा वरचा भाग सपाट दिसतो पण तसा नसतो, त्याला किंचित बाक असतो, आणि तो बाक कानशीने आणि बारीक पॉलिश पेपरने घासून असा आणायचा की तार थरथरताना घोडीला नुसती चाटत राहील. मग तार आणि घोडीच्या मध्ये एक सुती दोरा सरकवायचा. त्या दोऱ्याला जीव म्हणतात. नाव काय दिलंय बघा. दोरा केसभर इकडं की आवाज ठोकळा, केसभर तिकडं की नुसतं गुणगुण, आणि मधे कुठंतरी एक जागा असते तिथं एकदम आवाज उमलतो, एका तारेतनं चार-पाच स्वर निघाल्यासारखं वाटतं. चाचा एक घास मारायचे, तार छेडायचे, डोळे मिटून ऐकायचे, पुन्हा तार बाजूला, पुन्हा एक घास. एका घोडीला दीड-दोन तास. मी ते सगळं स्लो मोशनमध्ये घेतलं. स्लो मोशनमध्ये आवाजाचं काय होतं हे तुम्हाला माहितीच असेल.

घरी येऊन एडिट केलं. सहा मिनिटं चाळीस सेकंद. आवाजाची पूर्ण बोंब, रिक्षा, हॉर्न, शेजारची हातोडी, एक कुत्रं. मग मी काय केलं, मोबाईलमधल्या तंबोऱ्याच्या अ‍ॅपचा आवाज घेतला आणि सगळ्या फिल्मखाली पसरून दिला. झकास बसला. बायकोला दाखवलं, तिच्या डोळ्यांत पाणी. पप्पा पण म्हणाले, हे फिल्म्स डिव्हिजनपेक्षा बरं आहे.

चाचांना दाखवायला गेलो. त्यांनी मोबाईल हातात घेतला, दोन सेकंद बघितलं, आणि मग मोबाईल उचलून कानाला लावला. म्हणजे फिल्म बघितलीच नाही. भोपळ्यातलं ऊन, सावल्या, सगळं त्यांच्या कानशिलाकडे चाललेलं. दहा सेकंद.

"हे आमचं न्हवं. मशीन हाय हे."

मी म्हटलं कसं ओळखलं?

"दर वेळंला सारखं वाजतंय. हाताचं असं नसतं, हात थकतो, हात चुकतो. आन् दुसरं," आता ते हसायलाच लागले, "भोपळा मर्दानी दाखवलाय आन् सूर जनानी लावलाय! काळी एकचा तंबोरा आन् त्यातनं काळी चार बोलतीय. हे कुणा गवयानं बघितलं तर माझं दुकान बंद हुईल, मग घ्या तुमचा शेवटचा कारागीर."

काळी एक, काळी चार म्हणजे पेटीच्या काळ्या पट्ट्या, एक खालच्या सुराची, पुरुषांच्या गळ्याची, चार वरची, बायकांची. समोरचा पुतण्या पण हसत होता. मी पण हसलो पण कान गरम झालेले.

सांगलीला येताना बसमध्ये बसून 'ग्लास' आठवत होतो आणि स्वतःलाच शिव्या घालत होतो. तीन महिने मी आवाज बनवणाऱ्या माणसाकडे गेलो आणि बघत बसलो.

नंतर एका मंगळवारी पहाटे सहाला गेलो, ऑफिसला दांडी मारून. मित्राचा आवाज घ्यायचा रेकॉर्डर आणला होता, कॅमेरा नव्हता. गल्ली झोपलेली. चाचांनी तोच मोठा तंबोरा घेतला, भोपळ्याच्या बाजूचे मणी सरकवत चारही तारा लावल्या, पंचम, जोडी, खर्ज, दोरे सारखे केले, आणि वाजवत बसले. काही बोलले नाहीत. मी पण नाही. मधे एकदा थांबून तिसऱ्या तारेचा जीव जरा सरकवला आणि तिथून पुढं आवाज जो उघडला ना, तो जसा आहे तसा रेकॉर्डिंगमध्ये आलाय, हेडफोन लावला तर कुणालाही कळेल.

अकरा मिनिटं आहे. चित्र म्हणून काळा पडदा ठेवलाय. जुनी फिल्म डिलीट केली, ऊन पडलेल्या भोपळ्यासकट. आतापर्यंत त्रेचाळीस जणांनी ऐकलंय, त्यातले पाच-सहा वेळा माझी आईच असणार. आठव्या मिनिटाला आतून कुकरची शिट्टी येते. मी ती काढणार होतो, चाचा म्हणाले राहू दे, सुरात हाय.