तालुक्याच्या गावी भाड्याच्या खोल्या बांधताना

कापूस-सोयाबीनचे दोन पैसे हाती आले की तालुक्याच्या गावी खोल्या बांधून त्या शिक्षकांना किंवा बँकेच्या कर्मचाऱ्यांना भाड्याने द्याव्यात, असा विचार आमच्या विदर्भात अनेक शेतकरी कुटुंबे करतात. हिशेब मात्र बारा महिन्यांचे भाडे धरून करू नये. बदली झाली की खोली रिकामी पडते. उन्हाळ्यात बोअर आटते आणि कुलर दिवसरात्र चालतो, म्हणून टाकी मोठी व विजेचे मीटर स्वतंत्र असावे. तोंडी व्यवहार, मग भाडेकरू नात्यातला का असेना, मला मुळीच मान्य नाही: महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी घरमालकाची असून, तसा करार नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.