चिंचेची शिवराई

आमच्या घरी तांबं म्हटलं की चिंच आलीच. दिवाळी दोन दिवसांवर आली की मागच्या दारी पाट टाकून बसायचं आणि ताम्हन, पळी, पंचपात्र, हंडा, जे हाताला लागेल ते लखलखेपर्यंत घासायचं. बारा-तेरा वर्षांचा असताना त्याच झपाट्यात मी आजीची नाण्यांची डबी उपडी केली. चिंचेचा कोळ, वर मीठ आणि नारळाची शेंडी. पाच मिनिटांत काळीठिक्कर शिवराई लहान बाळाच्या तळव्यासारखी गुलाबी झाली. ती मिरवत आजीकडे नेली. आजीनं उजेडाकडे धरली, अंगठ्यानं चाचपली आणि म्हणाली, "यावरचा 'शिव' कुठे गेला रे?"

'शिव' चिंचेच्या पाण्याबरोबर मोरीतून गेला होता.

शिवराई म्हणजे 1674 च्या राज्याभिषेकापासूनचं तांब्याचं नाणं. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसरीकडे दोन ओळींत 'छत्र पति', भोवती ठिपक्यांचं कडं. पुढे पेशवाईतही शिवराया पाडल्या जात होत्या, त्यामुळे आमची नक्की कधीची, हे अक्षरांच्या वळणावरूनच कळलं असतं. ते वळणच मी घासून टाकलं. आधीच ही नाणी हातानं ठोकलेली. ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान. एखादं अक्षर कडेबाहेर जायचंच. उरलेल्यांची वासलात मी लावली.

मळ म्हणजे वरून येऊन बसतो ते, अशी माझी समजूत. ताम्हनावरचं तेल-कुंकू तसं असेलही. नाण्यावरचं काळं-हिरवं मात्र तांब्याचंच झालेलं असतं. धातूलगत लालसर थर, त्यावर तपकिरी-काळा, कधी सगळ्यात वर हिरवा. फार गंजलेल्या नाण्यात तर टाकसाळीत ठसा उमटला ती मूळ पातळी या थरांतच राहिलेली असते. खाली धातू शिल्लक असतो, पण खाचखळग्यांचा, मुका. चिंचेतलं आम्ल नेमके हे थर विरघळवतं. म्हणजे मी नाणं धुतलं नव्हतं, सोललं होतं.

मिठाची कथा आणखी वाईट. ताक तांब्याच्या भांड्यात ठेवलं की कळकतं, हे आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक. नाण्याला कळकवायला मीठ पुरतं. त्यातलं क्लोराईड तांब्यात मुरलं की दमट हवेत आम्ल तयार होतं, ते तांबं खातं, त्यातून पुन्हा क्लोराईड, की पुन्हा पहिल्यापासून. याला 'ब्राँझ डिसीज' म्हणतात, रोगी तांब्याचा असला तरी. गुळगुळीत, घट्ट हिरवा थर दिसला तर त्याच्या वाटेला जाऊ नये. फिकट पोपटी भुकटी दिसली आणि नखानं निघाली, तर मात्र ते नाणं आधी बाकीच्यांपासून वेगळं काढावं. शहाणे लोक असं नाणं सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे ठेवतात आणि पाणी बदलत राहतात.

बैल गेला नि झोपा केला, तसा मी आता साळसूद झालोय. नळाच्या पाण्यातही क्लोरीन असतं म्हणून डिस्टिल्ड वॉटर आणतो. दुकानदार विचारतो, "गाडीला की इन्व्हर्टरला?" नाण्याला म्हटलं की हसतो. दोन-तीन दिवस नाणं भिजवायचं, पाणी बदलायचं, मग भिंग डोळ्याला लावून दात कोरायच्या लाकडी काडीनं फक्त माती उकरायची. परवा एका शिवराईच्या 'ति'च्या वेलांटीतली माती काढायला एक अख्खी संध्याकाळ गेली. वेलांटी मोकळी झाली, पण काळीच ठेवली. नाणं कडेनं धरायचं, कारण बोटांच्या घामातही मीठच. स्वस्त मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांत ठेवायचं नाही; त्यातून सुटणारं आम्ल नाण्यावर हिरवा चिकटा आणतं.

डबीत एक 1943 चा भोकाचा पैसाही होता. महायुद्धात धातू वाचवायला जवळपास पाच ग्रॅमांचा पैसा दोन ग्रॅमांवर आणला होता. तो चिंचेतून वाचला, कारण त्या दिवशी तो धाकट्या भावाच्या करदोट्यात होता.

आईला यातलं काही पटत नाही. लक्ष्मीपूजनाला काळी नाणी मांडायची म्हणजे काय! शिवाय वर पंचामृत. मी विनवणी केली तर म्हणाली, "मग सुपारी मांडू?" शेवटी तडजोड झाली. चांगली नाणी कपाटात, पूजेला ती सोललेली शिवराई. तिचं आणखी काय बिघडणार? इतक्या वर्षांत ती पुन्हा छान तपकिरी झाली आहे. गेल्या दिवाळीला आईनं तिच्यावर कुंकू वाहिलं, जरा निरखून पाहिलं आणि म्हणाली, "ही घासायची राहिली वाटतं."